पितळेचा गळा

वाद्यांनाहि जात असते, ही गोष्ट आपण उघडपणें कबूल करीत नाहीं. परंतु वागतांना ती कधीं विसरतहि नाहीं. बीन देवघराशेजारीं शोभते, सारंगीकडे कित्येक घरांत तिरकस नजरेनें पाहिलें जात असे, आणि ट्रंपेट म्हटला कीं वरात डोळ्यांपुढें उभी राहते. जरीच्या पट्ट्यांचे लाल डगले घातलेले बँडवाले आणि गाल फुगवून, घामाघूम होऊन फुंकणारा त्यांतला एक जण! त्याच्या कलेविषयीं चार शब्द बोलावे, असें वऱ्हाडांतल्या कोणाच्या मनांत येत नाहीं. गोव्याच्या वादकांनीं मुंबईंत या वाद्याला कांहीं प्रतिष्ठा मिळवून दिली, हें खरें. हळदोण्याचे आंतोनियु शावियेर वाझ यांना मुंबई 'चिक चॉकलेट' या नांवानें ओळखीत असे. त्यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजे, आणि १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत सी. रामचंद्रांच्या चालींना त्यांची साथ लाभली. पण ती प्रतिष्ठा नाचघराची आणि चित्रपटाची. रागसंगीताच्या बैठकीच्या उंबरठ्याशीं हें वाद्य थबकलें तें थबकलेंच.

याचें एक कारण वाद्याच्या घडणींतच आहे. ट्रंपेटच्या मोकळ्या नळींतून ओठांच्या ताणाप्रमाणें एक ठराविक स्वरमालिका निघते. त्याला तीन कळी असतात. पहिली दाबली कीं नळीची लांबी वाढून स्वर पूर्ण स्वराच्या अंतरानें उतरतो, दुसरीनें अर्ध्या आणि तिसरीनें दीड. अशी ही पायऱ्यांची रचना आहे. आणि आमच्या गाण्याचा जीव तर दोन पायऱ्यांच्या मधल्या वाटेंत गुंतलेला! ही वाट ट्रंपेटवर चालून दाखविण्याचा ध्यास ज्यानें घेतला, त्या जॉन हॅसेल या अमेरिकन वादकाविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

हॅसेल यांचा जन्म २२ मार्च १९३७ रोजीं टेनेसी संस्थानांतील मेंफिस येथें झाला. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयांत शिक्षण झाल्यावर ते जर्मनींत कोलोन येथें कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांच्या हाताखालीं नवें युरोपीय संगीत शिकले. अमेरिकेंत परत आल्यावर टेरी रायली यांच्या 'इन सी' या रचनेच्या १९६८ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत त्यांनीं ट्रंपेट वाजविला. एवढ्या तयारीच्या माणसास पुढील मार्ग सुकर होता. परंतु पस्तिशीच्या उंबरठ्यावर, १९७२ सालीं, ते रायली आणि ला माँट यंग यांच्यासमवेत हिंदुस्थानांत आले व पंडित प्राणनाथ यांच्यापुढें शिष्य म्हणून बसले.

हे प्राणनाथ कोण, तें मराठी वाचकांस सांगितलें पाहिजे. कारण हें नातें आमच्या अगदीं जवळचें आहे. लाहोरास १९१८ सालीं जन्मलेले प्राणनाथ हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खां यांचे शिष्य. कानांनीं अधू असल्यामुळें ज्यांना लोक 'बहिरे वहीद खां' म्हणत, तेच हे विलंबित बढतीचे आचार्य. आणि आमच्या हिराबाई बडोदेकरांना तालीम मिळाली तीहि यांचीच. म्हणजे मेंफिसचा हा ट्रंपेटवाला हिराबाईंच्या गुरुबंधूचा शिष्य! ज्या परंपरेची एक शाखा अब्दुल करीम खांसाहेबांनीं मिरजेस लावली, तिचीच दुसरी शाखा लाहोर, दिल्ली असा प्रवास करीत १९७० सालीं न्यूयॉर्कला पोंचली होती.

त्याच १९७२ सालीं सुप्रसिद्ध ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांची 'ऑन द कॉर्नर' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत सतार आहे आणि बादल रॉय यांचा तबलाहि आहे. हिंदी वाद्यें शेजारीं मांडून डेव्हिस यांनीं आपला ट्रंपेट आपल्याच रीतीनें वाजविला, आणि तो त्यांचा अधिकारच होता. हॅसेल यांनीं याच्या उलट केलें. त्यांनीं वाद्य तेंच ठेवलें आणि ओठ बदलला. कळींवरचा भर कमी करून, ओठांच्या कंपनावर स्वर तोलून, गुरूच्या गळ्यांतील वळण नळींतून काढण्याचा त्यांनीं अभ्यास केला. पिकल्या वयांत हातचें कौशल्य बाजूस ठेवून पुन्हां षड्जापासून आरंभ करणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

या अभ्यासाचें पहिलें फळ १९७७ सालच्या 'व्हर्नल इक्विनॉक्स' या ध्वनिमुद्रिकेंत आहे. नाना व्हास्कोन्सेलोस या ब्राझिली कलावंताचीं तालवाद्यें मागें मंद चालत असतात, खालीं एक आधारस्वर भरलेला असतो, आणि वर ट्रंपेट असा येतो कीं तो ट्रंपेट आहे हें समजावयास वेळ लागतो. शीर्षकाची रचना सुमारें बावीस मिनिटें चालते. तिला घाई म्हणून नाहीं. पुढें १९८० सालीं ब्रायन ईनो यांच्यासह 'पॉसिबल म्यूझिक्स' निघाली, व 'चौथें जग' हें आपल्या संगीताचें नांव हॅसेल यांनीं रूढ केलें. जुन्या जगांतील जमातींचें संगीत आणि नवीं विद्युत्-यंत्रें यांचा संगम त्यांना अभिप्रेत होता. १९८३ सालच्या ध्वनिमुद्रिकेचें तर नांवच 'अका/दरबारी/जावा'. १९९९ सालच्या 'फॅसिनोमा'मध्यें मात्र त्यांनीं यंत्रें बरीचशीं दूर सारलीं. तींत रोणू मजुमदार यांची बांसरी ट्रंपेटशेजारीं वाजते, आणि कित्येक जागीं फुंक बांबूंतली कीं पितळेंतली, असा क्षणभर संभ्रम पडतो.

या चर्चेंत आम्ही तटस्थ आहों असें वाचकांनीं समजूं नये. आमचा भाचा सहा वर्षें गाण्याच्या तालमीला बसला. वयांत येतांना त्याचा आवाज फुटला, तो पुन्हां जुळला नाहीं. त्याच्या गुरुजींनीं दोन वर्षें वाट पाहिली आणि मग तालीम थांबविली. त्यानंतर वर्षभर मुलगा तंबोऱ्याच्या खोलींत फिरकला नाहीं. पुढें एका सोबत्याचा जुना ट्रंपेट त्यानें घरीं आणला, आणि घरांत दोन तट पडले. त्याच्या आजोबांच्या मतें हा घराण्याच्या गाण्याचा वरातींत झालेला शेवट होता. मुलानें उत्तर दिलें नाहीं. तो गच्चीवर जाऊन फुंकीत राहिला.

आमचे एक वृद्ध स्नेही किराणा गायकींत मुरलेले आहेत. त्यांना आम्हीं 'व्हर्नल इक्विनॉक्स' आणि मागाहून 'दरबारी'चा भाग ऐकविला. पहिली मुद्रिका त्यांनीं डोळे मिटून ऐकली. दुसरीच्या वेळीं त्यांचा हात उठला. "एका स्वराला दुसरा चिकटून येतो आहे, हें काय?" त्यांनीं विचारलें. हॅसेल आपल्या स्वराला यंत्रानें समांतर जोड देतात, हें आम्हीं सांगितलें. बुवा म्हणाले, "मग दरबारी राहिला कुठें? समजा, जोड पंचमाच्या अंतरावर आहे. कोमल गांधाराला कोमल निषाद मिळेल, तें चालेल. पण रिषभाला मिळेल शुद्ध धैवत, आणि दरबारींत धैवत कोमल. एका हातानें बांधायचें नि दुसऱ्यानें सोडायचें!"

हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे, आणि तो दडवून हॅसेल यांची थोरवी गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमचा दुसराहि एक आक्षेप आहे. 'अका' हें मध्य आफ्रिकेच्या अरण्यांतील लोकांचें नांव. ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकांत जमातीला स्थान मिळालें. ज्याचा गळा ऐकूं येतो, त्या माणसाला तेथें स्थान नाहीं. प्राणनाथांचें ऋण हॅसेल जन्मभर नांव घेऊन सांगत राहिले. एक ऋण नांवानिशीं आणि दुसरें जमातीच्या खात्यावर, हा भेद आम्हांस खटकतो. ज्याच्यापुढें आपण बसलों त्याचें नांव विसरणें कठीण असतें. ज्याचा आवाज फितीवरून आला, त्याचें नांव विचारण्याचें भान ठेवावें लागतें.

तरीहि बुवांनीं जातां जातां जें सांगितलें तें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. "हा माणूस राग गात नाहीं. पण स्वरापाशीं कसें थांबावें, हें तो कोणाजवळ तरी बसून शिकला आहे. तें यंत्रानें येत नाहीं." मग मुलाकडे वळून ते म्हणाले, "बाळ, दर गुरुवारीं ये. ती पितळ घेऊन ये. पण आधीं गळ्यानें गायचें, कसाहि निघो, मग फुंकायचें." मुलगा म्हणाला, "बुवा, माझा आवाज चिरतो." "चिरूं दे. कान तर शाबूत आहे ना?" एवढेंच ते बोलले. आजोबांचा विरोध अद्याप मावळलेला नाहीं; परंतु गुरुवारीं संध्याकाळीं मुलगा कोठें आहे, असें ते विचारीत नाहींत.

हॅसेल यांच्या उत्तरायुष्यांत सुबत्ता नव्हती. नऊ वर्षांच्या मौनानंतर २०१८ सालीं 'लिसनिंग टू पिक्चर्स' आणि २०२० सालीं 'सीइंग थ्रू साउंड' अशा दोन ध्वनिमुद्रिका त्यांनीं दिल्या. त्याच २०२० सालीं त्यांच्या औषधोपचारासाठीं चाहत्यांना निधि गोळा करावा लागला. २६ जून २०२१ रोजीं, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्या 'चौथ्या जगा'चें काय व्हावयाचें तें होवो. त्या नांवाविषयीं आम्हांस फारसें प्रेम नाहीं. परंतु गळा नसलेल्यासहि गाण्याच्या दारांत उभें राहतां येतें, आणि दार उघडेपर्यंत थांबण्याची तयारी मात्र हवी, हें त्यांनीं जवळजवळ पन्नास वर्षें वाजवून दाखविलें. एखाद्या घरांत आवाज हरवलेलें मूल असेल, तर त्याच्या वडीलधाऱ्यांनीं 'व्हर्नल इक्विनॉक्स'चीं तीं बावीस मिनिटें स्वस्थपणें ऐकावीं, एवढीच आमची विनंति आहे.