मांजराएवढा उंदीर

बाबा दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड होते. तिथल्या अंधारी नावाच्या भुयाराच्या तोंडाशी मशाल पेटवायची, मागच्यांना भिंतीला हात लावून यायला सांगायचं, मध्यावर आलं की मशाल पाठीमागे धरायची आणि त्या काळोखात, वटवाघळांच्या वासात गोष्ट सुरू करायची. गोष्ट इब्न बतूताची. या किल्ल्यात कैद्यांना जिथे टाकत, तिथले उंदीर मांजरांहून मोठे होते. मांजरंच त्यांना बघून पळायची. "त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि पुस्तकात घातलं," बाबा म्हणत. शाळेची सहल असली तर उंदीर मांजराएवढा. परदेशी पाहुणे असले तर कुत्र्याएवढा. बक्षिसी बरी मिळेलसं दिसलं तर त्याहून थोडा मोठा.

ते पुस्तक कुठे तयार झालं हे बाबांना कुणी कधी विचारलं नाही. ताईनं निवृत्तीनंतर वाचून शोधून काढलं. महंमद तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी राहिलेला, पुढे दौलताबाद, नंदुरबार बघून गेलेला हा टँजियरचा गृहस्थ 1349 मध्ये मोरोक्कोत परतला. फेझचा सुलतान अबू इनान यानं त्याला सगळा प्रवास तोंडी सांगायला लावला आणि इब्न जुझय्य नावाच्या ग्रानाडाच्या लेखकानं तो उतरवून घेतला. 1355 मध्ये काम पुरं झालं. "बाबांचे उंदीर जिथे कागदावर आले ते गाव बघायचंय," ताई म्हणाली. तिचं वय सत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा. घोळक्याबरोबर झेंड्यामागे पळणं जमणार नव्हतं. म्हणून आमच्या दोघींपुरता गाईड आणि आमच्या दोघींपुरती गाडी, असं ठरवलं. गाईडच्या मुलींनी पैसे मोजून गाईड करायचा, हे जरा विचित्रच वाटत होतं.

कासाब्लांकाहून आगगाडीनं फेझला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. स्टेशनबाहेर आमच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा असणार होता. पैसे आगाऊ दिलेले. पाटी नव्हती, माणूसही नव्हता. पाऊण तास वाट पाहिली, फोन केले, पलीकडून दर वेळी "पाच मिनिटं" असं उत्तर. शेवटी लाल रंगाची छोटी टॅक्सी केली. या टॅक्सीत तिघांहून जास्त माणसं घेत नाहीत, सामान टपावर बांधतात. मीटर पडला, आणि आगाऊ भरलेल्या रकमेच्या चतुर्थांशात आम्ही जुन्या शहराच्या वेशीशी पोचलो. त्यापुढे गाडी जात नाही. एका पोऱ्यानं आमच्या बॅगा हातगाडीवर टाकल्या आणि तो बोळात शिरला; आम्ही चाकांच्या खडखडाटामागून. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढाच रस्ता. ताईनं खरंच भिंतीला हात लावला होता. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही.

सकाळी गाईड आले. पन्नाशीचे, पायघोळ राखाडी जेलाबा, गळ्यात सरकारी बिल्ला. आधी ताईच्या चपलांकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. "आपण वरून खाली जाऊ," ते म्हणाले. "निळ्या दरवाज्यापासून सुरुवात, नदीकडे शेवट. गाडी खाली रसीफच्या चौकात येईल. एकही चढ नाही." मला तिथेच माणूस पटला. फेझ हे द्रोणासारखं गाव. वरच्या काठावरून पाण्यासारखं उतरत जायचं असतं, आणि हे ज्याला कळतं तो फिरवण्याच्या धंद्यातला जाणता.

बाब बू जलूद हा तो दरवाजा. बाहेरून निळा, आतून हिरवा. पुस्तकांतल्या चित्रांमुळे तो हजार वर्षांचा असेल असं वाटतं, पण सध्याची कमान 1913 ची, म्हणजे फ्रेंचांनी 1912 मध्ये याच शहरात सुलतानाकडून तह करून घेतल्यानंतरची. गाईडनी हे न विचारता सांगितलं. बाबांनी सांगितलं नसतं. हजार वर्षांचा म्हणून मोकळे झाले असते.

आत शिरल्यावर न्याहारी. वाळवलेल्या बाकल्याचं घट्ट कढण, त्याला बिसारा म्हणतात. वर ऑलिव्ह तेलाची धार, चिमूटभर जिरेपूड आणि तिखट, सोबत गोल पाव. ताई शाकाहारी, त्यामुळे चार दिवस काय खायचं ही तिची धास्ती होती. पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं पिठलंच, फोडणी विसरलेलं." दुपारी झालूक आलं, वांगं आणि टोमॅटो शिजवून घोटलेलं, लसूण घातलेलं. त्याला तिनं सरळ भरीत म्हटलं आणि दुसऱ्यांदा मागितलं.

तलाआ कबीरा ही उताराची मोठी वाट. मोठी म्हणजे दोन भरलेली गाढवं जेमतेम एकमेकांना ओलांडतील इतकी. जरा पुढे गेलो तोच मागून आरोळी आली, "बालाक! बालाक!" ताई थबकली आणि इकडेतिकडे बघायला लागली. "कुणाचं बालक हरवलं?" तेवढ्यात गाईडनी तिचा दंड धरून तिला एका मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर ओढलं आणि दोन्ही बाजूंना गॅसच्या टाक्या लटकवलेलं गाढव तिच्या पदराला घासून गेलं. बालाक म्हणजे बाजूला व्हा. त्यानंतर दिवसभर कुठेही बालाक ऐकू आलं की आम्ही दोघी पोरींसारख्या खिदळत भिंतीला चिकटायचो. या भागात, म्हणजे फेझ एल-बालीत, नऊ हजारांवर बोळ आहेत असं प्रत्येक गाईड सांगतो. आमच्यांनीही सांगितलं. युनेस्कोनं 1981 मध्ये यादीत घेतलेलं हे शहर अजूनही गाढवाच्या पाठीवर चालतं. फ्रिजसुद्धा तसाच घरी पोचतो.

बिल्लेवाला माणूस सोबत असण्याचा खरा फायदा मला नंतर कळला. संध्याकाळी मी एकटीच पाणी आणायला बाहेर पडले तेव्हा दहा पावलांत तीन पोरांनी अडवलं. हा रस्ता बंद आहे, चामड्याची कुंडं इकडे आहेत, माझ्या मागून या. रस्ता बंद नव्हता. दिवसा गाईडबरोबर हिंडताना यातलं कुणी जवळ आलं नव्हतं. आपण पैसे मोजतो ते माहितीचे, अशी आपली समजूत. निम्मे पैसे निवांतपणाचे असतात.

उताराच्या सुरुवातीलाच बू इनानिया मदरसा. मोरोक्कोतल्या चालू मशिदींत बिगरमुस्लिमांना सहसा जाता येत नाही. हा दंडक फ्रेंच रेसिडेंट-जनरल ल्योतीच्या काळापासूनचा. मदरसा मात्र तिकीट काढून बघता येतो. सगळ्यात खाली रंगीत फरश्यांची नक्षी, तिच्यावर कोरलेला चुना, त्याच्यावर देवदाराचं काळवंडलेलं लाकूड. गाईडनी एक तुकडा बोटानं दाखवला, नखाएवढा, आठ टोकांचा. आधी फरशी रंगवून भाजायची, मग हातोडीनं टवके काढत तिचे असे तुकडे पाडायचे आणि मग ते उलटे मांडायचे, रंगाची बाजू खाली. पाठीवर गिलावा ओतून वाळेपर्यंत कारागिराला आपली नक्षी दिसतच नाही. पैठणीचा विणकर आठवला. त्याला निदान काठ तरी समोर दिसतो.

"हा कुणी बांधला?" ताईनं विचारलं. खरं म्हणजे तिला ठाऊक होतं.

"अबू इनान. 1350 नंतरची पाच-सहा वर्षं काम चाललं."

म्हणजे इब्न बतूता सुलतानाच्या हुकमानं बोलत होता तेव्हा या शहरात, या उतारावर हातोड्या वाजत होत्या. ताई चौकातल्या पाण्याजवळ बसली आणि तिनं गाईडना विचारलं, इब्न बतूता माहीत आहे का. ते हसले. टँजियरच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, शाळेत धडा असतो. दौलताबाद? ते मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. मग आमच्या ताईनं, भूमितीच्या शिक्षिकेनं, जन्मात पहिल्यांदा गाईडगिरी केली. किल्ला, खंदक, अंधारी, कोठडी, उंदीर. इंग्रजी तिचं सावकाश, पण मध्ये थांबण्याची जागा अगदी बाबांची. एका अफगाण सरदाराला तिथे टाकलं होतं, रात्री उंदीर अंगावर यायचे, त्यांच्याशी लढून तो कसाबसा जगला. हे पुस्तकात आहे. त्याच शहरातल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुकही आहे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

मदरशाबाहेर, रस्त्यापलीकडच्या भिंतीवर पाण्याच्या घड्याळाच्या बारा खिडक्या आहेत, 1357 च्या. ते पुन्हा चालू करणं आजवर कुणाला साधलेलं नाही. गाईड आम्हाला तिकडे न्यायचं जवळजवळ विसरलेच होते. ते अजून उंदरातच अडकले होते.

पुढचं भराभर झालं. नेज्जारीनचा चौक, अत्तारीन मदरसा, मग करवियीनचा दरवाजा. कैरवानहून आलेल्या व्यापाऱ्याची मुलगी फातिमा अल-फिहरी हिनं 859 मध्ये ही मशीद उभारली अशी परंपरा आहे आणि इथलं अध्यापन जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी मानतात. आम्ही उंबऱ्याबाहेरून अंगण पाहिलं. सफ्फारीन चौकात तांब्याच्या परातींवर ठोके पडत होते, पुण्याच्या तांबट आळीतल्यासारखेच, फक्त झाडाच्या सावलीत.

मग चामड्याची कुंडं. शुआराची कुंडं वरून बघायची, तर सज्जे सगळे दुकानांचे. दुकानातून जायचं, जिन्यानं वर चढायचं, हातात पुदिन्याची काडी मिळते. खाली मधमाशीच्या पोळ्यासारखे हौद. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यात कातडं मऊ होतं. रंगाच्या हौदांत माणसं मांड्यांपर्यंत उतरून पायांनी तुडवत होती. पुदिना नाकाशी धरूनही तो वास घशात उतरतो. त्यांच्या हातात पुदिना नव्हता.

खाली उतरताना दुकानदारानं मला पिवळ्या सपाता दाखवल्या. मी गाईडना बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे किती टक्के?"

त्यांचा चेहरा उतरला. मी घाईनं म्हणाले, "आमचे वडील पाहुण्यांना हिमरू शालीच्या दुकानात न्यायचे. आमच्या दोघींच्या शाळेची फी त्यातनंच भरली."

ते क्षणभर बघत राहिले, मग मोठ्यांदा हसले. टक्के सांगितले नाहीत. पण दुकानदाराला अरबीत काहीतरी म्हणाले आणि सपातांची किंमत निम्म्यावर आली. आम्ही दोन जोड घेतले. कमिशन त्यांना तरीही मिळालंच असणार, आणि मिळावंच.

रसीफच्या चौकात गाडी उभी होती. हा ड्रायव्हर मात्र वेळेच्या आधी आला होता. दुसऱ्या दिवशी तोच आम्हाला वोलुबिलिसला नेणार होता. ताई मागच्या सीटवर बसून गुडघा चोळायला लागली. पैसे चुकते झाले, वर बक्षिसी दिली. गाईड ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकले आणि अरबीत काही सांगू लागले. शब्द एकही कळत नव्हता, पण मध्येच "दौलताबाद" आलं. ते थांबले, नेमके थांबायचं तिथे थांबले. मग त्यांनी उंदीर दाखवायला हात वर केले.

दोन हातांमधलं अंतर मांजराएवढं नव्हतं. ताईनं मला कोपरानं ढोसलं. ड्रायव्हरचे डोळे विस्फारले, आणि गाईडनी हात आणखी वीतभर लांब नेले.