चाओ फ्रायाकाठचे बिऱ्हाड

थायलंडला अभ्यास दौऱ्यावर किंवा हौसेने जाणारी आपली मंडळी बहुधा बँकॉकच्या भर वस्तीत हॉटेलात उतरतात. शेतकऱ्याने मात्र नदीने वर सुमारे वीस किलोमीटरवरच्या नॉनथाबुरीला बिऱ्हाड करावे. मी तिथे आठ दिवस राहिलो. शहर तर पाहिलेच, पण शेतीही पाहिली.

अशा बिऱ्हाडाला तिकडे 'सर्व्हिस्ड अपार्टमेंट' म्हणतात. पलंग, फ्रीज, विजेची शेगडी आणि चार भांडी असलेली ही खोली भाड्याने मिळते. झाडलोट करून चादरी बदलून देतात. जेवण ज्याचे त्याने करायचे. तिकडच्या भाजीतही माशाचे खारे पाणी पडते, त्यामुळे शाकाहारी माणसाला हातची खिचडी बरी. बाजारात तांदूळ, वांगी, मिरच्या, चवळीच्या लांब शेंगा, सारे मिळते. कोथिंबीर मुळांसकट विकतात, कारण वाटणात मुळेच कुटतात. एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. २००४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला जागा द्यायची तर मालकाकडे हॉटेलचा परवाना लागतो. तो आहे ना, याची खात्री करूनच पैसे भरावेत.

खिडकीखाली चाओ फ्राया नदी. पिंग आणि नान या नद्या नाखोन सावन येथे मिळतात आणि तिथून ३७२ किलोमीटर वाहत ही नदी समुद्राला जाते. रेतीने भरलेले पडाव ओढत बोटी जातात. मधून जलपर्णीचे तराफे वाहतात. ही पीडा जावा बेटातून आली, म्हणून थाई भाषेत तिच्या नावातच जावा आहे. गावात जायला धक्क्यावरून नारिंगी निशाणाची बोट धरायची. साथोर्नच्या धक्क्याला उतरले की समोर शहरी रेल्वेचे स्टेशन. रस्त्यावरची गर्दी टळते आणि वाटेत राजवाडा व देवळेही दिसतात.

पण नॉनथाबुरीचे खरे वैभव म्हणजे ड्युरियनच्या बागा. हे फळ दिसायला आपल्या फणसासारखे काटेरी, पण कूळ वेगळे. येथील 'कान याओ', म्हणजे लांब देठाच्या जातीच्या एकेका फळाला हजारो बाट मिळतात. जमीन सखल असल्याने रुंद चर खणून त्याच मातीचे उंच वरंबे करतात आणि वरंब्यावर झाडे लावतात. चरातले पाणी छोट्या फाटकाने भरती-ओहोटी पाहून आत घेतात किंवा बाहेर सोडतात. शेजारी पांगाऱ्याच्या जातीचे झाड असते. त्याची मुळे नत्र देतात, पाने चरात कुजतात आणि तो गाळ काढून झाडांना घालतात. गाळही निघतो, खतही होते.

मी एका म्हातारीची बाग पाहिली. तीन राई जमीन. राई म्हणजे आपले सुमारे सोळा गुंठे. २०११ च्या महापुरात थायलंडमध्ये आठशेवर माणसे गेली आणि या भागातल्या ड्युरियनच्या बागा आठवडेच्या आठवडे पाण्यात राहिल्या. ड्युरियनच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. म्हातारीची झाडे उभ्या उभ्या वाळली. तिने पुन्हा कलमे लावली. शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या. २०१६ साली शहरी रेल्वेची जांभळी लाइन नॉनथाबुरीपर्यंत आली आणि भाव आणखी चढले. मी राहत होतो ती इमारतही एका जुन्या बागेवरच उभी आहे, असे तिने सांगितले. त्या इमारतीच्या दारावर पाटी आहे : 'ड्युरियन आत आणू नये.' वासाचा त्रास होतो म्हणून!

जमीन विकणाऱ्याला दोष देता येत नाही. मुलांची शिक्षणे आणि कर्जे कोणाला चुकली आहेत? पण एका बागेत भर पडली की तिचे चर बुजतात, आणि तिचे पाणी शेजारच्या बागेत शिरते. राहिलेल्याची शेती मग दर वर्षी कठीण होते. उन्हाळ्यात उलटे होते. नदीचा ओघ कमी झाला की समुद्राचे खारे पाणी वर चढते. जानेवारी २०२० मध्ये तर बँकॉकचे नळाचे पाणीही खारट झाले होते. तेव्हा धरणांतून गोडे पाणी सोडून खारे पाणी मागे रेटावे लागते. कोकणातल्या खार जमिनीच्या शेतकऱ्याला हे दुखणे नवे नाही.

आपल्याकडेही शहरे नदीकाठाने गावांकडे सरकत आहेत. कृष्णा-पंचगंगेचा ऑगस्ट २०१९ चा पूर आपण विसरलेलो नाही. प्लॉट पाडायचे ठरले, तर आधी शिवारातले ओढे, नाले आणि चर नकाशावर दाखवून घ्यावेत आणि ते बुजणार नाहीत हे ग्रामसभेत लिहून घ्यावे. विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो. पाणी मात्र त्याच वाटेने येते, आणि वाट बुजलेली असली तर जो शेती करत राहिला त्याच्या बांधावरून जाते.