घरीच असते

२०११ च्या फेब्रुवारीत शाळा सुटली की मी जनगणनेच्या प्रपत्रांची पिशवी घेऊन वस्त्यांवर निघायचे. संगमनेर तालुक्यातलं गाव. एका घरी मालक ओट्यावर बसलेले. नाव, वय, शिक्षण झालं. बायकोच्या कामाचा रकाना आला.

"तिचं काय लिहायचं? घरीच असते."

तेवढ्यात ती आली. डोक्यावर घासाचा भारा. तो गोठ्यापाशी टाकला, पदरानं तोंड पुसलं. मी तिलाच विचारलं. "मी काय करते बाई, घरीच तर असते!"

म्हटलं, कालचा दिवस सांगा. ती हसली. पहाटे उठून शेण काढलं, दोन्ही गाया पिळल्या. मग स्वयंपाक. दिवसभर कांद्यात खुरपणी, येताना घास, संध्याकाळी पुन्हा धारा. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. डेअरीचं कार्ड? "यांच्या नावावर."

घरच्या शेतात बिनपगारी राबणंही जनगणनेत 'काम'च धरतात, हे प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं. मी तिला 'मुख्य काम करणारी' लिहिलं. मालक दचकले. "बाई, कुठलं अनुदान बंद तर नाही ना होणार?"

सगळ्याच घरी मी इतकं खोदून विचारलं नाही. अंधार पडायला लागला की पुरुषानं सांगितलं ते लिहून पुढं निघायचे. अशा किती बाया माझ्या हातून घरी बसल्या, कोण जाणे.

आमच्या घरी प्रगणक आले तेव्हा सासूबाईंनी अभिमानानं सांगितलं, "सून शिक्षिका आहे." स्वतःपुढं 'घरकाम' लिहायला लावलं. नियमानं ते बरोबरच. स्वयंपाक आणि नातवंडं सांभाळणं यांना तिथं काम म्हणत नाहीत. पण पहाटे माझा डबा त्या करायच्या, माझी दोन वर्षांची लेक त्यांच्या कडेवर असायची. त्या घरी होत्या म्हणून मी दुसऱ्यांच्या बायका मोजत फिरत होते. ह्यांचा डबाही सासूबाईच करायच्या, पण ह्यांना कुणी कधी विचारलं नाही, 'नोकरीवर जाता, मग लेकीला कोण बघतं?'

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. तो आकडा वाचायला सासूबाई राहिल्या नाहीत.

आता २०२७ ची जनगणना आहे. प्रगणक दारात आले की कामाच्या रकान्यापाशी जरा थांबा, आणि तिचं उत्तर तिला देऊ द्या. तीही 'घरीच असते' म्हणाली, तर कालचा दिवस विचारा.