पडद्यावरचा चेहरा

नंदुरबार तालुक्यातील कोरीट या आमच्या गावी माझे फोटोचे लहानसे दुकान आहे. एक खोली, मागच्या भिंतीवर टांगलेला निळा पडदा, दोन दिवे, एक स्टूल आणि कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक, एवढाच त्याचा पसारा. शाळेच्या फॉर्मसाठी लागणारे पासपोर्ट फोटो, साखरपुडा, हळद, लग्न, बाळाचे जावळ आणि शेवटी भिंतीवर हार घालून लावायचा फोटो, अशी माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतची कामे या एका खोलीत होतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी तो संगणक कायमचा बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने त्याचे पोट उघडून पाहिले आणि मान हलवली. नवा घेणे भाग होते. मग घरात एकच विषय सुरू झाला : टेबलावरचा डेस्कटॉप घ्यावा की उचलून नेता येणारा लॅपटॉप?

वरवर पाहता हा प्रश्न खिशाचा होता. तो निराळ्याच गोष्टीचा आहे हे मला एका म्हातारीने शिकवले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

मी हे काम शिकलो ते डार्करूममध्ये. १९८६ साली नंदुरबारच्या एका स्टुडिओत मी उमेदवारी करीत होतो. तांबड्या दिव्याच्या उजेडात कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा, चेहरा हळूहळू वर येताना पाहायचा, मग हायपोत घालून धुवायचा. निगेटिव्हवरचे डाग अणकुचीदार पेन्सिलीने भरून काढायचे. पण चित्र बरे उतरले की नाही, याचा निवाडा त्या खोलीत कधीच होत नसे. ओला कागद हातात धरून आम्ही बाहेर ओट्यावर येत असू आणि दिवसाच्या उजेडात पाहात असू. सूर्यप्रकाश हाच आमचा न्यायाधीश होता.

पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि डार्करूमला कुलूप लागले. २००६ साली मी जुन्या पेटीसारख्या मॉनिटरचा डेस्कटॉप विकत घेतला. त्या वर्षांतले भारनियमन खेड्यांतील वाचकांना आठवत असेलच. दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. लग्नसराईत मी रात्री दोनला उठून फोटो दुरुस्त करीत असे. वीज गेली की यूपीएस केविलवाणा ओरडू लागे आणि दहा मिनिटांच्या आत काम जतन करून सारे बंद करावे लागे. त्या ओरडण्याने घरातली लहान मुले दचकून उठत.

म्हणून नव्या खरेदीचा विषय निघताच नाशिकला शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, ‘‘काका, आता टेबलाला बांधून घेऊ नका. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी काम थांबत नाही. धडगावला लग्न असेल तर तिथेच बसून फोटो निवडता येतील. मी सुट्टीला आलो आहे तोवर माझाच वापरून पाहा.’’ त्याचे म्हणणे रास्त होते. मी त्याचा लॅपटॉप दुकानात आणला.

त्याच आठवड्यात ती म्हातारी आली. शेतात मजुरीला जाणारी. तिचा तरुण मुलगा दोन महिन्यांपूर्वी वारला होता. त्याचा एकच फोटो तिच्याजवळ होता आणि तोही कोणाच्या तरी लग्नातला, पंधरा-वीस माणसांच्या घोळक्यातला. त्यात मुलाचा चेहरा करंगळीच्या नखाएवढा, आणि नेमकी घडी त्याच्या गालावरून गेलेली. तो चेहरा वेगळा काढून मोठा करायचा होता. अशी कामे मी शेकड्यांनी केली आहेत. मी ‘होईल, माय’ म्हणालो.

त्या दुपारी वीज नव्हती. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता आणि बॅटरी वाचवण्यासाठी त्याने आपल्या पडद्याचा उजेड आपोआप कमी केला होता. खिडकीची तिरीप डोळ्यांवर येत होती, म्हणून मी पडदा थोडा मागे कलता केला. मुलाचा चेहरा फारच काळवंडलेला दिसू लागला. घडीची रेघ मी भरून काढली, डोळे स्पष्ट केले आणि चेहऱ्यावर उजेड चढवत गेलो. पडद्यावर चेहरा छान उठून दिसू लागला. मला माझ्या कामाचे समाधान वाटले. फोटो छापून, चौकटीत बसवून मी तयार ठेवला.

म्हातारीने चौकट हातात घेतली, पदराने काच पुसली, पुष्कळ वेळ पाहिले. मग ती चौकट तिने अलगद टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, हाऊ मना पोऱ्या न्हई.’’

ती रागावली नव्हती. कनवटीचे पैसे काढून तिने ठरलेली रक्कम मोजून ठेवली आणि फोटो न घेताच ती पायऱ्या उतरून गेली. मी मागून हाका मारल्या, पण ती थांबली नाही.

मी चौकट उचलून ओट्यावर आलो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी यायचो तसा. उजेडात जे दिसले त्याने मी ओशाळलो. चेहरा राखेसारखा फिकट झाला होता. उन्हातान्हात राबून मिळालेला त्याचा सावळा, तुकतुकीत रंग मी पुसून टाकला होता. नाक, डोळे, ओठ सारे जागच्या जागी होते. मुलगा मात्र त्यात नव्हता.

चूक माझीच होती, पण ती कशी घडली हे समजून घेणे जरूर होते. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यात बहुधा टी.एन. जातीचे पॅनेल असते. त्याच्याकडे समोरून पाहिले तर चित्र एक दिसते, पडदा मागे कलवला तर काळपट दिसते, पुढे ओढला तर पांढुरके दिसते. शिवाय अशा बऱ्याच पडद्यांवर तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या ६४च पायऱ्या असतात, म्हणजे एकंदर सुमारे २ लाख ६२ हजार छटा. उरलेल्या छटांचा केवळ भास निर्माण केला जातो. चांगल्या पडद्यावर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि छटा होतात १ कोटी ६७ लाखांहून अधिक. सावळ्या त्वचेतील बारीक छटा पहिल्या प्रकारात एकमेकींत मिसळून जातात. पडदा अंधूक असला की हात आपोआप उजेड वाढवतो, आणि छापील फोटो फिकट येतो. आय.पी.एस. जातीच्या पॅनेलमध्ये बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. अलीकडच्या चांगल्या लॅपटॉपना असे पॅनेल असते, पण मग किंमतही तशीच मोजावी लागते.

गंमत अशी की ज्या फोटोशॉपवर आम्हा सर्वांचे पोट चालते त्याचा जन्मही पडद्याच्या एका उणिवेतूनच झाला. थॉमस नोल हा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांना छायाचित्रणाचा छंद होता आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. १९८७ साली थॉमसच्या संगणकाच्या पडद्यावर फक्त काळे आणि पांढरे ठिपके उमटत. मधल्या करड्या छटा दिसत नसत. त्या दिसाव्यात म्हणून त्याने एक आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन याच्या साहाय्याने ती वाढवली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ती फोटोशॉप या नावाने बाजारात आली. काळे आणि पांढरे यांच्या मधले जे काही आहे ते दिसावे, एवढीच त्या खटाटोपामागची मूळ इच्छा होती.

आणि सावळ्या चेहऱ्यावरचा अन्यायही नवा नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुन्याचे चित्र पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे आणि तिची त्वचा नीट दिसेल अशा बेताने यंत्रातील रंग जुळवले जात. ‘शर्ली कार्ड’ हे त्याचे नाव. काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे अंधारात का बुडतात, हा प्रश्न पुष्कळ वर्षे कोणी विचारलाच नाही. आपल्याकडेही प्रथम कम्युनियनच्या पांढऱ्याशुभ्र झग्यातील सावळ्या मुलीचा फोटो काढताना हीच अडचण येते. झगा सांभाळला तर चेहरा हरवतो, चेहरा सांभाळला तर झग्याची झालर नाहीशी होते. तेव्हा सोपा उपाय म्हणून चेहराच गोरा करून टाकण्याची खोड आम्हा व्यवसायातील लोकांना लागलेली आहे. गिऱ्हाईकही कधी कधी तसे मागते. पण त्या म्हातारीने मागितले नव्हते.

विचार करताना मला आमच्याच जिल्ह्यातील एक घटना आठवली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आले आणि तेथील रंजना सोनवणे यांना देशातील पहिला आधार क्रमांक मिळाला. त्यानंतर गावोगावी नोंदणी सुरू झाली. मीही रांगेत उभा होतो. तेथे नोंदणी करणाऱ्याच्या समोर लॅपटॉप होता आणि आमच्याकडे तोंड केलेला एक दुसरा पडदा होता. आपले नाव, आपला फोटो बरोबर आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहून सांगायचे. ज्याचा चेहरा त्याला आधी दाखवावा, ही साधी रीत. तीस वर्षे लोकांचे चेहरे हाताळूनही ती मला सुचली नव्हती.

नंदुरबारच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून मी २४ इंची आय.पी.एस. मॉनिटर चार दिवसांसाठी मागून आणला, तो पुतण्याच्या लॅपटॉपला जोडला आणि म्हातारीला निरोप धाडला. ती येईल अशी खात्री नव्हती. दोन दिवसांनी संध्याकाळी कामावरून परतताना ती आली. मी तिला माझ्या शेजारी स्टुलावर बसवले आणि पडदा तिच्याकडे वळवला. मूळ फोटोपासून पुन्हा सुरुवात केली. ‘‘माय, तू सांग, मी करतो,’’ म्हणालो. रंग थोडा गडद केला; तिने मान हलवली. आणखी थोडा. मग गालावरचा उजेड कमी केला. भुवईजवळ एक लहानसा व्रण होता, तो मी घडीचा डाग समजून पहिल्या वेळी पुसला होता. लहानपणी झाडावरून पडला तेव्हाचा तो, असे तिने सांगितले. व्रण परत आणला. एकाएकी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘बस.’’

मी थांबलो. ती पडद्याकडे पाहात राहिली. बाहेर अंधार पडला तरी मी दिवा लावला नाही.

तिने तो फोटो नेला. पैसे मी घेतले नाहीत. ते तिने आधीच दिले होते.

आता खरेदीचे सांगतो. मी अखेर डेस्कटॉप घेतला, पण रकमेचा पहिला वाटा मॉनिटरसाठी बाजूला काढून. लॅपटॉपच्या १५.६ इंची पडद्यापेक्षा २४ इंची पडद्याचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक भरते, आणि दोन माणसे शेजारी बसून पाहू शकतात. २ कोटी ४० लाख बिंदूंचा एक फोटो १६ बिटमध्ये उघडला तर एकेका थराला १४४ एम.बी. स्मृती लागते, दहा थर झाले की जवळपास दीड जी.बी. म्हणून १६ जी.बी. स्मृती घेतली आणि पुढे वाढवायला जागा ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो. डेस्कटॉपच्या मोठ्या पेटीत हवा खेळती राहते, साचलेली धूळ ब्लोअरने उडवता येते, आणि एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलता येतो. विजेसाठी इन्व्हर्टर बसवला. दुकानाची भिंत गुलाबी होती, तिचा रंग पडद्यावर उमटे. तिला साधा राखाडी रंग दिला. पहिल्या प्रतीचा फोटो आजही मी ओट्यावर नेऊन पाहतो.

पुतण्याचे म्हणणे मी खोडून काढीत नाही. ज्याचे काम गावोगाव फिरण्याचे आहे, ज्याला लग्नघरीच फोटो निवडून द्यावे लागतात, त्याने अवश्य लॅपटॉप घ्यावा. मात्र घरी आल्यावर जोडायला एक चांगला मॉनिटर ठेवावा आणि रंगाचा अंतिम निर्णय त्यावरच करावा. आणि कोणतेही यंत्र घेतले तरी फोटोंच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, कारण यंत्र मरते तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

नवा मॉनिटर फिरत्या बैठकीचा आहे. दुकानात कोणी आले की मी आधी तो त्यांच्याकडे वळवतो.