नावाचा मक्ता

मक्ता हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी सहज असे. जकातीचा मक्ता, ताडीचा मक्ता, बाजारवसुलीचा मक्ता. नावांचाही मक्ता दिला जातो, हे मात्र मला नातवाने शिकवले. संगणकावरील फुटबॉलच्या खेळात तो एका संघाला ‘पिमोन्ते काल्चो’ म्हणत होता. असा संघ ऐकिवात नव्हता, म्हणून विचारले. ‘‘आजोबा, हे युव्हेंटसच. त्याचे नाव दुसऱ्या कंपनीने घेतले आहे,’’ तो शांतपणे म्हणाला. २०१९ साली जपानच्या कोनामी कंपनीने युव्हेंटसचे नाव, चिन्ह व पोशाख आपल्यापुरते राखून घेतले. त्यामुळे अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘फिफा २०’ मध्ये तेच खेळाडू उसन्या नावाच्या संघातून खेळू लागले. त्यापूर्वी कोनामीच्याच खेळात मँचेस्टर युनायटेडला ‘मॅन रेड’ म्हणून वावरावे लागले होते.

या व्यवहाराचे मर्म २००४ सालच्या अमेरिकेत सापडते. तेथील व्यावसायिक फुटबॉलचे (ते आपले फुटबॉल नव्हे; त्यात चेंडू बहुधा हातातच असतो) दोन प्रमुख खेळ बाजारात होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘मॅडन’ सुमारे ५० डॉलरला मिळे. प्रतिस्पर्ध्याने ‘ईएसपीएन एनएफएल टू-के-फाइव्ह’ अवघ्या २० डॉलरला आणला, आणि तो खेळ उत्तम होता. मॅडनला ३० डॉलरवर यावे लागले. ग्राहकांची ही चंगळ काही महिनेच टिकली. त्याच डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएल ही लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्याशी करार करून संघ, मैदाने व खेळाडूंची नावे यांचा मक्ता घेतला. पुढल्या वर्षीचा मॅडन पुन्हा ५० डॉलरच्या घरात! प्रतिस्पर्धी खेळ वाईट म्हणून हरला नाही. त्याच्या हातातली नावेच काढून घेतली गेली. ग्राहकांनी दावा लावला, तेव्हा २०१२ साली २ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड झाली. एनएफएलचा मक्ता मात्र चालूच राहिला.

लीगचे म्हणणे असे की, नाव आमचे, ते कोणाला विकावे हा आमचा प्रश्न. कायद्याने ते बरेचसे खरेही असेल. पण त्या नावाला मोल कोणी आणले? पिढ्यान्‌पिढ्या मैदानावर गळा फोडणाऱ्या प्रेक्षकाचा त्या करारात कोठे उल्लेखही नसतो. आपल्यासारख्या, मूळ गाव सुटले तरी आडनाव जपून ठेवलेल्या कुटुंबांना ही गोष्ट जरा अधिक बोचावी.

आणि खेळाडू? एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूने मित्राच्या घरी पडद्यावर स्वतःलाच पाहिले. तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरेपणा. नाव तेवढे नाही, आणि मोबदला तर नाहीच. २००९ साली तो न्यायालयात गेला. त्या व तत्सम दाव्यांच्या ओझ्याखाली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सची महाविद्यालयीन फुटबॉलची मालिका २०१३ नंतर बंद पडली. २०२४ साली ती परतली ती प्रत्येक खेळाडूला विचारून. नाव व चेहरा देणाऱ्यास ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत. नको असेल त्याने देऊ नये. टेक्सास विद्यापीठाच्या आर्च मॅनिंगने आधी नकार कळवला होता. नंतर तोही आला, पण त्याच्या मर्जीने.