झाकण लावलं की विस्तव मंदावतो

गॅसवर रांधणाऱ्या माणसाचा सगळा आत्मविश्वास एका कळीत असतो. कळ इकडे फिरवली की ज्योत मोठी, तिकडे फिरवली की बारीक, आणि मध्ये कुठे थांबायचं ते हाताला पाठ. माझ्याकडे हा आत्मविश्वास भरपूर होता. आधी ओट्यावरचा ॲल्युमिनियमचा गॅस तंदूर, मग गच्चीवर पाच किलोच्या सिलिंडरवर चालणारं छोटं बार्बेक्यू, अशी माझी प्रगती झाली होती. मित्रांपुढे कोंबडीच्या तंगड्या उलटवताना मी थोडा भावही खात असे. मग मामेभाऊ नोकरीसाठी परदेशी निघाला आणि जाताना त्याचं कोळशावरचं ग्रिल माझ्या गळ्यात मारून गेला.

हे ग्रिल म्हणजे तीन पायांवर उभा असलेला काळा एनॅमलचा गोळा. अर्धा खाली, अर्धा वर झाकण म्हणून. बुडाला भोकं, झाकणालाही भोकं, आणि ती कमीजास्त उघडायला पत्र्याच्या पाकळ्या. आत दोन जाळ्या, खालची कोळशाची आणि वरची खाण्याची. कळ नाही, खटका नाही. अमेरिकेत शिकागोजवळ वेबर ब्रदर्स हा धातुकामाचा कारखाना होता. तिथे बंदरातल्या बोयांसाठी गोळे घडवत. तिथल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ साली असा एक गोळा मधोमध कापून हे प्रकरण तयार केलं, कारण उघड्या विस्तवावर मांस भाजताना वारा त्याचे हाल करत असे. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. आमची इमारत दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि दुपार कलली की समुद्राकडून येणारा वारा आमच्या गच्चीवरही कोणाची गय करत नाही.

गच्ची अर्थातच सगळ्यांची. सेक्रेटरींनी गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि अटी घातल्या. पाण्याच्या टाक्यांपासून लांब, शेजारी वाळूची बादली, आणि दोरीवरचे कपडे सगळ्यांनी काढून नेल्याशिवाय काडी ओढायची नाही. अटी रास्त होत्या. इमारत सिमेंटची आहे म्हणून एवढं तरी जमलं. गिरगावातल्या लाकडी जिन्यांच्या चाळीत कोणी असं काही मागितलं असतं, तर मी स्वतःच विरोधात हात वर केला असता.

मग कोळसा. नाक्यावर एक इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री फिरवतो, त्याने लालबागच्या बाजूच्या एका वखारीचा पत्ता दिला. वखारवाल्याने विचारलं, ‘कुठलं हॉटेल?’ घरासाठी हवाय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं. ‘सगळे गॅसवर चाललेत, आणि तुम्ही उलटे निघालात?’ त्याचं बरोबर होतं. मुंबईची हवा बिघडली म्हणून उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर न्यायला सांगितलं, आणि महापालिकेने ८ जुलैची मुदत घालून नोटिसा धाडल्या. तंदूरवाले विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्यांची चौकशी करत फिरत होते त्या दिवसांत मी गोणीचं तोंड उघडून आत डोकावत होतो. माझा कोळसा महिन्याकाठी फार तर दोनदा पेटणार आणि हॉटेलची भट्टी रोज, हा युक्तिवाद मी मनात तयार ठेवला आहे. तो पुरता पटतो असं नाही.

वखारवाल्याने एक मात्र शिकवलं. दोन कोळसे एकमेकांवर आपटायचे. चांगला जळलेला कोळसा टणकन वाजतो, ओला किंवा अर्धकच्चा नुसता थप्प करतो. असला कोळसा पेटताना तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि डोळ्यांत पाणी आणणारा धूर करतो. आणि चुरा घ्यायचा नाही, कितीही स्वस्त दिला तरी. चुरा जाळीवर बसला की खालून हवा येत नाही.

आमच्याकडे आत्या राहते. तिचं लहानपण, लग्न, सगळं लालबागच्या चाळींमध्ये. सासरे गिरणीत, नवरा गिरणीत, आणि घरात जेवायला बाहेरची माणसं. गिरणगावात अशा कितीतरी बायका गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आत्या त्यात नव्हती, पण पहाटेची शेगडी तिने बरीच वर्षं पेटवली. गोळा बघून ती म्हणाली, ‘म्हणजे शेगडीच ना ही? हौसेने आणलीस?’ तिच्या बोलण्यात थट्टा कमी आणि आश्चर्य जास्त होतं. काजळी धरलेली भांडी, राखेने भरलेली नखं, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी फुलवायचे निखारे, आणि पावसाळ्यात सर्दावलेला कोळसा. यातून सुटायला तिने आधी रॉकेलचा स्टोव्ह घेतला आणि मग गॅसचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. सिलिंडर घरी आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू लावलं होतं. तिच्या भाच्याने आता कोळशाची गोणी खांद्यावरून चार मजले चढवली होती.

खरं तर लालबागला गॅस सिलिंडरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस परळ-लालबागच्या कारखान्यात दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. गॅस कंपनी लेन हे नाव तिथे अजून आहे. पुढे १९५०च्या दशकात बर्मा शेलने सिलिंडरमधला ‘बर्शेन’ गॅस आणला, आणि १९९५ मध्ये नळाने गॅस पुरवणारी महानगर गॅस स्थापन झाली. अमेरिकेतलं गॅस ग्रिल प्रोपेनवर चालतं. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं, आणि नळातून येतो तो मुख्यतः मिथेन. या तिन्हींना कळ आहे. कोळशाला नाही, एवढंच मला त्या वेळी कळत होतं.

आता पेटवणं. मी कोळशाचा ढीग रचला, मधोमध कापूर ठेवला, काडी लावली आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. कापूर जळून गेला, दोन-चार कोळसे कोपऱ्यांवर लाल झाले आणि पुन्हा काळे पडले. कुणीतरी रॉकेल सुचवलं, पण त्याचा वास खाण्याला लागतो. आत्या खुर्ची टाकून बघत होती. ‘बंब आठवतो का?’ तिने विचारलं. आठवत होता. तांब्याचा, पाणी तापवायचा, पोटातून आरपार नळी गेलेला. विस्तव नळीच्या तळाशी, गरम हवा वरून बाहेर, आणि तिच्या ओढीने खालच्या जाळीतून ताजी हवा आत. फुंकर मारावीच लागत नसे. तिच्या सांगण्यावरून तेलाच्या पत्र्याच्या डब्याची दोन्ही तोंडं कापली, बुडाजवळ भोकं पाडली, आत जाळी बसवली. खाली चुरगळलेला कागद, वर कोळसा. वीसेक मिनिटांत वरचे कोळसेसुद्धा राखेची पांढुरकी साय धरून तयार. नंतर समजलं की अशीच वस्तू ग्रिलवाले चिमणी म्हणून विकतात, मुठीसकट. आत्याला किंमत सांगितली नाही.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते झाकणाने. ओट्यावर झाकण ठेवलं की आच कोंडते, पदार्थ लवकर शिजतो. गॅसच्या बार्बेक्यूतही झाकण उघडलं की उष्णता निघून जाते. इथे तंगड्यांखाली जाळ झाला, मी घाबरून झाकण उघडलं, आणि जाळ आणखी भडकला. चरबी टपटपत होती, ज्वाळा जाळीच्या वर येत होत्या आणि मी चिमटा घेऊन नाचत होतो. आत्या ओरडली, ‘झाक ते!’ झाकल्यावर मिनिटभरात सगळं शांत.

कारण साधं आहे, पण हातात मुरायला वेळ लागतो. गॅसमध्ये आपण इंधन कमीजास्त करतो, हवा मागेल तेवढी मिळतच असते. कोळशात इंधन एकदाच, ढिगाने टाकलेलं. मग कमीजास्त करायला उरते फक्त हवा. झाकण उघडं म्हणजे हवाच हवा, कोळसा पेटून उठतो. झाकण लावून खालची भोकं अर्धी मिटली की तो मंदावतो. वरची भोकं मात्र शिजत असताना पुरती बंद करायची नाहीत, नाहीतर धूर आत कोंडतो आणि कोंबडी कडवट लागते. शिवाय कळ फिरवताक्षणी ज्योत बदलते, तसं इथे काही नाही. पाकळी सरकवली की पाच-दहा मिनिटांनी परिणाम दिसतो. तोवर माझ्यासारखा माणूस ती आणखी दोनदा सरकवून बसलेला असतो. आच चढत असतानाच हवी तिथे अडवायची. एकदा ती फार चढली की खाली आणता आणता पाहुण्यांचे पापड संपतात.

सगळे कोळसे एका बाजूला सारायचे, ही दुसरी युक्ती. अर्ध्या जाळीखाली निखारे, अर्ध्याखाली काही नाही. तंगड्या निखाऱ्यांवर वरून भाजून घ्यायच्या, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावायचं, म्हणजे आतलं मांस हाडापर्यंत शिजतं. मला हे परदेशी शास्त्र वाटलं होतं. आत्याने ते मोडीत काढलं. तिच्या कोकणातल्या घरी तवसाळं करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवत. वरूनही आच, खालूनही आच, ओव्हन कसला आणि काय. अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात, तीही तशीच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कुणी कोंबडी घालतं, कुणी अंडी. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. ज्वाळा शेंगेला कधी शिवत नाही.

चव वेगळी लागते का? लागते, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही. चांगल्या फुललेल्या कोळशाला स्वतःचा धूर जवळजवळ नसतोच. लाकडातलं पाणी आणि डांबरी अंश तो कोळसा बनतानाच निघून गेलेले असतात. वास येतो तो निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा. दुसरं म्हणजे गॅस जळताना पाणी तयार होतं, एक किलो प्रोपेनमागे दीड किलोहून जास्त, अर्थात वाफेच्या रूपाने. कोळशात हायड्रोजन फारसा उरलेला नसतो, म्हणून त्याची धग कोरडी असते आणि कातडी कुरकुरीत होते. वांग्याच्या भरताला ही धग इतकी मानवते की गॅसवर भाजलेलं वांगं आता घरात कोणी खात नाही. वांगं जाळीवर नाही, सरळ निखाऱ्यात ठेवायचं. सुके बोंबीलही तसेच, चिमट्यात धरून, पण पापणी लवायच्या आत काढले तर. ओले बोंबील मी एकदा ठेवले. त्यांच्यात पाणीच इतकं की अर्धे जाळीतून खाली गेले. बांगडा केळीच्या पानावर ठेवला तर सुटून येतो. पान जळतं ते चालतं.

आता राख. गॅस विझवला की संपलं. इथे जेवणं उरकून, भांडी घासून झाल्यावरही राखेखाली निखारा जिवंत असतो, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. वरची-खालची सगळी भोकं मिटली की कोळसे गुदमरून विझतात आणि उरलेले पुढच्या वेळी कामी येतात. आत्या त्यासाठी झाकणाचा डबा वापरायची. कचऱ्याच्या डब्यात राख टाकायची ती हात घालून थंड असल्याची खात्री झाल्यावरच.

मे महिन्याच्या शेवटी वळवाची सर आली तेव्हा कोंबडी अर्धी शिजली होती. मित्र म्हणाले, ग्रिल उचलून जिन्याच्या खोलीत नेऊ. आत्या दारातच आडवी उभी राहिली. थंडीत दारं-खिडक्या बंद करून शेगडी घरात घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, हे तिने चाळीत ऐकलेलं आणि एकदा पाहिलेलं होतं. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. ग्रिल झाकण लावून पावसातच राहिलं, आम्ही छत्र्या घेऊन उभे राहिलो, आणि कोंबडी व्यवस्थित शिजली. जॉर्ज स्टीफनने झाकण बहुधा याचसाठी केलं असावं.

जूनपासून गोणी माळ्यावर आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कारण कोळसा हवेतली ओल धरतो. ऑक्टोबरात पुन्हा बघू. आत्याने नानकटाई करून बघायचं ठरवलंय, झाकणावर निखारे ठेवून, आणि एनॅमलचं काय होईल हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. गॅसचं बार्बेक्यू मी एका मित्राला देऊन टाकलं. पापलेट मात्र आमच्याकडे अजून गॅसवरच होतं, तव्यावर, रवा लावून, आच बारीक करून. त्याबद्दल कोणाशी वाद घालायची माझी तयारी नाही.