चिपटं, मापटं, पायली

दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. मराठी मुलखात धान्य याच मापांनी मोजत. या साखळीत दहा नाही की शंभर नाही, पायरीपायरीला नुसती दुप्पट. निळव्यापासून सहा वेळा दुप्पट केली की पायली भरते, म्हणजे एका पायलीत ६४ निळवी. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा हिशेब जमायचा. अर्धं करायला किंवा दुप्पट करायला पाटी लागत नाही.

आज पुण्यात लेकीला घरीच शिकवणारी एक आई आहे. कराडजवळच्या एका गावात तिच्या आजीच्या घरी चिपटं, मापटं आणि शेर पितळेचे होते, पायली पत्र्याची. आजी शाळेची पायरी कधी चढली नव्हती. पण शेजारीण मापटंभर डाळ उसनी मागायला आली की माप शीग लावून भरायचं की काठाला हात फिरवून सपाट करायचं, हे आजी आधी ठरवून घ्यायची आणि परत घेतानाही तसंच घ्यायची. खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. तिथून पुढे दोन, तीन. सुट्टीत गावी गेलेली ती राशीच्या कडेला बसून हे ऐकायची. माप तेच, पण त्यात भात भरलं तर उचलायला हलकं आणि ज्वारी भरली तर जड, हे तिला तिथेच हाताला कळलं होतं.

तिची आई शाळेत गेली, आणि तेही मोठ्या बदलाच्या काळात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तिनं रोज घोकले. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. पाव आणि निम्म्याच्या पाढ्यांना त्या नाण्यांमुळे रोजचं काम होतं. मग १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आण्याला सव्वासहा नवे पैसे पडतात, आणि पाव पैशाचं नाणं तर नाही! म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असा हिशेब ठरला. पाठोपाठ किलो आणि लिटर आले, शेर कायद्यानं बाद झाला. आईच्या तोंडून औटकी मात्र गेली नाही. आजही साडेतीनची कुठलीही पट ती विचारल्याबरोबर सांगते.

तिच्या स्वतःच्या वाट्याला दशांश चिन्ह आलं. वहीत ०.७५ लिहून ती पैकीच्या पैकी गुण मिळवायची आणि सुट्टीत आजीला पाऊण शेर तांदूळ मापून द्यायची. ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे शाळेत कुणी सांगितलं नाही आणि घरीही नाही. आजी गेल्यावर ती मापं पुण्यात तिच्या घरी आली. बरीच वर्षं एकात पेनं राहिली, दुसऱ्यात सुटे पैसे.

ती मापं पुन्हा कामाला लागली लेकीमुळे. लेकीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं असं नवरा-बायकोनं ठरवलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, पण घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल त्यात वेगळं कलम नाही. अशी मुलं बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या वाटेनं परीक्षेला बसतात. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत आणि वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीही देता येते. म्हणजे हाताशी वेळ आहे. त्या वेळाचं काय करायचं हाच खरा प्रश्न, आणि गणिताच्या बाबतीत त्याचं उत्तर तिला त्या पितळी मापांत सापडलं.

सुरुवात ज्वारीनं झाली. चिपट्यानं मापटं भरायचं, मापट्यानं शेर. लेकीला दुप्पट लगेच उमगली. मग शेरात एक मापटं आणि एक चिपटं ओतलं. किती झालं? पाऊण शेर. आता भरलेल्या शेरातून एक चिपटं काढून घे. किती उरलं? तेही पाऊण! अर्ध्यात पाव मिळवून पाऊण होतो आणि एकातून पाव काढला तरी पाऊणच राहतो. पुस्तकात या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे उदाहरणसंग्रह असतात, इथे एकाच भांड्यात दोन्ही डोळ्यांसमोर घडल्या.

पुढचा टप्पा तिच्याही मनात नव्हता. घरात कोळवं आणि निळवं नव्हतं, म्हणून लेकीनं चिपट्यातलं पाणी दोन सारख्या कागदी पेल्यांत समान पातळीवर येईपर्यंत इकडून तिकडे ओतलं, पेल्यावर पेनानं रेघ मारली आणि कोळवं तयार केलं. कोळव्याचं निम्मं करून निळवं. मग शेरात ओळीनं सगळी मापं रिकामी केली: मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. शेर भरत आला, पण भरला नाही. नेमकं एक निळवं कमी! ती कमतरता शेवटच्या मापाएवढीच का, यावर लेक बराच वेळ अडून बसली. निळव्याचं निम्मं माप केलं आणि तेही ओतलं, तर पुन्हा त्या निम्म्याएवढीच जागा रिकामी. असं कितीही करत गेलं तरी शेर काठोकाठ कधी भरणार नाही आणि उतूही जाणार नाही. महाविद्यालयात ज्याला अनंत श्रेणी म्हणतात ती आठ वर्षांच्या मुलीच्या हाती अशी लागते, तेव्हा मोठ्या माणसानं मध्ये बोलू नये. ती बोलली नाही.

पण त्यानंतर ती जे करते, ते या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. ती वही पुढे करते आणि विचारते, ‘आता हेच लिहून दाखवशील?’

व्यवहारातून गणित आपोआप येतं, ही समजूत घरी शिकवणाऱ्या पुष्कळ पालकांची असते. ती अर्धीच खरी आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरॅहर आणि आनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नारळ विकणाऱ्या एका मुलाला ३५ क्रुझेरोंना एक, तर दहा नारळ कितीला, असं विचारलं. त्यानं तिनाचे १०५, आणखी तिनाचे मिळून २१०, मग ३१५ असं करत ३५० अचूक सांगितले. दहापट करायला पुढे शून्य द्यायची रीत त्यानं वापरली नाही. पण बाजारात बिनचूक हिशेब करणारी तीच मुलं कागदावर तशाच बेरजा-गुणाकारांना अडत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्यूफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि ४७१ शाळकरी मुलं पाहिली. बाजारातली मुलं गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करत होती आणि पुस्तकी गणिताला थांबत होती. शाळकरी मुलांचं नेमकं उलटं. दोन्हीकडे गणित होतं, पण इकडचं तिकडे गेलं नव्हतं.

तिच्या आजीचं आणि तिच्या वहीचं हेच झालं होतं. म्हणून भांड्यातलं गणित तोंडी सांगायचं, मग चित्रात काढायचं, मग आकड्यांत लिहायचं, आणि कधी उलट दिशेनं यायचं. वहीत १/२ + १/८ लिहून ती लेकीला म्हणते, ‘हे ओतून दाखव.’ लेक मापटं आणि कोळवं उचलते.

मंडईत हेच चालतं. वांगी वीसला पाव, किलो घेतली तर सत्तर. पाऊण किलो हवीत, म्हणजे साठ. मग आणखी दहा देऊन किलो घ्यायची का? पैशांचा हिशेब सांगतो घ्या. घरात खाणारे तिघं, हा हिशेब सांगतो नको. दोन्ही हिशेबच आहेत आणि लेकीला दोन्ही करता यायला हवेत. भाजीला ती मुद्दाम रोख पैसे नेते. मोबाइलनं पैसे दिले की सुटे परत घेणं संपतं, आणि सत्तावीस रुपये झाल्यावर पन्नासची नोट देऊन तीन, मग वीस असं मोजत परत येणारी वजाबाकी मुलांच्या डोळ्यांसमोरून जाते. हे नुकसान लहान नाही.

स्वारगेटहून कराडला एसटीनं जाताना तर गणित तिकिटावरच असतं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत. आई, लेक आणि लेकीची आजी अशा तिघी निघाल्या की तिघींत मिळून एक पूर्ण तिकीट. बाबाही आले तर चौघांत दोन. लेकीनं विचारलं, ‘मी तेरा वर्षांची झाले की किती?’ तेव्हाही अर्धंच, पण कारण वेगळं. एकच उत्तर दोन वेगळ्या नियमांतून येऊ शकतं, हे तिला फार आवडलं.

दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी. ‘सात ते चार, मधले ठिपके’ म्हणजे ४, ५, ६, ७, ६, ५, ४, एकूण ३७. पाच ते तीन काढली तर १९, तीन ते दोन काढली तर ७, आणि नुसता एक ठिपका म्हणजे १. लेकीनं लहानापासून मोठ्यापर्यंत बेरीज केली: १, मग ८, मग २७, मग ६४. ‘पायलीतली निळवी!’ ती ओरडली. या घनसंख्या आहेत, हे तिला अजून माहीत नाही. लाकडी ठोकळे रचायला घेईल तेव्हा कळेल.

प्रत्येक लाडूचा, प्रत्येक पायरीचा धडा करायचा नाही, एवढं मात्र तिनं पाळलं आहे. लेक खेळात रमली असेल तर प्रश्न विचारायचा नाही. आणि घरातून सगळंच मिळतं असंही ती मानत नाही. पाढे रोज मोठ्यानं म्हणायला लागतात, भागाकाराची रीत बसून गिरवावी लागते. मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ दोघी मिळून वाचतात, कारण त्यातल्या गप्पा स्वयंपाकघराच्या बाहेर नेतात.

कराडच्या गेल्या मुक्कामी लेकीनं पायलीच्या वरच्या मापांना हात घातला. पायल्यांचा मण, २० मणांची खंडी. एका खंडीत निळवी किती? लेकीची आजी म्हणाली, मण सोळा पायल्यांचा. आत्याआजी म्हणाल्या, त्यांच्याकडे बारा पायल्यांचा. दोघीही बरोबर होत्या. मणाच्या पायल्या मुलखाप्रमाणे बदलत. लेकीनं ६४ ची चार वेळा दुप्पट करून १,०२४ काढले, वीस पट केली, २०,४८० आले. बारासाठी तिनं मधल्या दुपटींतले ५१२ आणि २५६ मिळवले, ७६८ झाले, वीस पट १५,३६०. वजाबाकी ५,१२०. मग त्या निळव्यांच्या पुन्हा पायल्या करायला ती ६४ नं भागत बसली.

आजी निवडायचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. वर न बघताच म्हणाली, ‘ऐंशी पायल्यांचा फरक. मणाला चार, वीस मणांना ऐंशी.’

लेकीचा भागाकार संपला. उत्तर ८० होतं. ‘थांब आजी,’ ती नवं पान उलटत म्हणाली, ‘तू कसं केलंस ते परत सांग. लिहून घेते.’